आराखड्याच्या नकाशामागचे भारांकही जाहीर व्हावेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबईतील पाणथळ जागा, खाडीकिनारा आणि डोंगरउतार यांच्या वापराविषयी आपल्या दैनिकात सातत्याने बातम्या आणि वाचकांची पत्रे येत असतात. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो, एखाद्या तलावावर निवासी पट्टा दाखवल्याचे कोणाच्या तरी लक्षात येते, हरकतींचे गठ्ठे जमा होतात, सुनावण्या होतात आणि पुढे प्रकरण न्यायालयात जाते, हा क्रम आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. या सगळ्यात चर्चा होते ती तयार नकाशाची. तो ज्या हिशेबातून तयार होतो त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही आणि माझ्या मते खरा निर्णय त्या हिशेबातच झालेला असतो. नोकरीची बरीच वर्षे नगररचनेच्या आरेखनात गेल्यामुळे या हिशेबाचे स्वरूप वाचकांपुढे मांडावे असे वाटले.

जमिनीचा कोणता तुकडा कशासाठी योग्य, हे ठरवण्याची एक पद्धत आज जगभर वापरली जाते. तिला नकाशाधारित बहुनिकष विश्लेषण म्हणता येईल. शहराच्या नकाशाचे सारख्या आकाराचे चौकोन पाडायचे. रस्त्यापासूनचे अंतर, वस्तीपासूनचे अंतर, जमिनीचा उतार, मातीचा प्रकार, पुराची पातळी, झाडोरा अशा प्रत्येक निकषाचा एक स्वतंत्र थर करायचा आणि प्रत्येक चौकोनाला त्या निकषावर शून्य ते शंभर गुण द्यायचे. मग कोणता निकष किती महत्त्वाचा हे ठरवून प्रत्येक थराला भारांक, म्हणजे कार्यालयीन बोलीत वेटेज, द्यायचा आणि गुणांची भारित बेरीज करायची. बेरजेनुसार नकाशा हिरव्यापासून लालपर्यंत रंगतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत इयन मॅकहार्ग या भूदृश्य रचनाकाराने पारदर्शक कागदांवर असे थर काढून ते एकावर एक ठेवले आणि न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील एका महामार्गासाठी कमीत कमी नुकसान करणारा मार्ग शोधून दाखवला. आज तेच काम जीआयएसच्या, म्हणजे भौगोलिक माहितीच्या, संगणकप्रणाली काही मिनिटांत करतात. त्यांतली क्यूजीआयएस ही प्रणाली मोफत मिळते आणि इस्रोच्या ‘भुवन’सारख्या संकेतस्थळांवर पायाभूत नकाशेही पाहायला मिळतात. तंत्रज्ञान आता अडचण राहिलेली नाही.

अडचण भारांकांत आहे. पूर्णपणे काल्पनिक उदाहरण घेतो. कचरा प्रक्रिया केंद्रासाठी दोन जागा विचारात आहेत. पहिली जागा रस्त्यालगत आणि वस्तीपासून दूर आहे, पण खाजणाला लागून आहे. तिला वाहतुकीच्या सोयीसाठी ९०, वस्तीपासूनच्या अंतरासाठी ८० आणि पाण्यापासूनच्या अंतरासाठी २० गुण मिळाले. दुसरी जागा थोडी आडवळणी. तिला अनुक्रमे ५०, ५० आणि ८०. वाहतुकीला ४० टक्के आणि बाकी दोघांना ३०-३० टक्के भारांक दिला, तर पहिल्या जागेचे गुण ६६ होतात आणि दुसरीचे ५९. आता पाण्याला ५० टक्के आणि उरलेल्या दोघांना २५-२५ टक्के दिले, तर पहिलीचे ५२.५ आणि दुसरीचे ६५. जमीन तीच, मोजमापे तीच, तरी निकाल उलटला. वाहतूक महत्त्वाची की पाणी, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही उपग्रहाच्या छायाचित्रात सापडत नाही. ते कोणीतरी माणसाने दिलेले असते. ते कोणी दिले, कोणत्या बैठकीत दिले आणि कोणाला विचारून दिले, हे नागरिकाला कळायला हवे. प्रत्येक आराखड्यात ही पद्धत उघडपणे वापरली जाते असा माझा दावा नाही. पण ज्या आराखड्यात ती वापरलेली नसते, त्यातही भारांक असतातच. फरक इतकाच, की ते आखणाऱ्याच्या मनात राहतात आणि मनातल्या आकड्यांवर हरकत घेण्याची सोय नाही.

या बेरजेत आणखी एक धोका आहे. वरच्या उदाहरणात पहिल्या जागेला पाण्याच्या निकषावर जेमतेम २० गुण असूनही पहिल्या भारांकांनी ती विजयी ठरली, कारण रस्त्याच्या गुणांनी पाण्याची तूट भरून काढली. गणितात नापास झालेल्या विद्यार्थ्याला बाकीच्या विषयांच्या बेरजेवर वर्गात पहिला काढण्यासारखे हे आहे. म्हणून जाणकार आधी मर्यादा आणि नंतर निकष अशी विभागणी करतात. कांदळवन, पूररेषेच्या आतील जमीन, अभयारण्य या गोष्टींना गुण द्यायचेच नाहीत; त्या जागा हिशेबातून आधीच वगळायच्या आणि उरलेल्या जमिनीवरच तुलना करायची. आपल्याकडे कायद्याने हे बऱ्याच अंशी केलेले आहे. २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेनुसार कांदळवने सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात येतात आणि १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा राखावा लागतो. तरीही एखाद्या सल्लागाराच्या अहवालात ‘कांदळवनापासूनचे अंतर’ हा निकष दहा टक्के भारांक घेऊन बाकीच्या निकषांच्या रांगेत बसलेला दिसला, तर सावध व्हावे. अट म्हणून जे यायला हवे ते तिथे सौदा म्हणून आलेले असते.

याउलट, केवळ अटींवर भिस्त ठेवली तर काय होते हे ठाण्याच्या कचऱ्यात दिसते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी भरावभूमीसाठी, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेसाठी, अंतरे ठरवून दिली : नदीपासून १०० मीटर, तलाव, महामार्ग, वस्ती, उद्याने आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर, विमानतळापासून २० किलोमीटर, आणि विशेष बाब म्हणून ना-हरकत मिळाल्यास १० ते २० किलोमीटरच्या दरम्यान. शिवाय पूरक्षेत्र, किनारा नियमन क्षेत्र आणि पाणथळ जागा वर्ज्य. आता नकाशावर मुंबई विमानतळाभोवती २० किलोमीटरचे वर्तुळ काढावे आणि २०२५ साली सुरू झालेल्या उलव्याच्या, म्हणजे नवी मुंबईच्या, विमानतळाभोवती दुसरे. ठाणे शहराचा मोठा भाग पहिल्या वर्तुळात आणि जवळजवळ सारी नवी मुंबई दुसऱ्या वर्तुळात जाते. तुर्भ्याची क्षेपणभूमीही त्यातच येते. त्यातून खाडी, कांदळवन, येऊरचे जंगल आणि दाट वस्ती वजा केली तर हातात फारच थोडी जमीन उरते. ठाण्याच्या कचऱ्यावरून दिवा, डायघर, भंडार्ली या गावांभोवती गेली अनेक वर्षे जी ओढाताण झाली तिच्या मुळाशी ही टंचाई आहे. अटींनी नकाशा इतका आक्रसल्यावर उरलेल्या मोजक्या जागांमध्ये निवड करताना भारांकांचे महत्त्व कमी होत नाही, उलट ते फार वाढते. कारण आता प्रत्येक पर्याय कोणाच्या तरी दारात आहे. नेमक्या अशा वेळी, कोणत्या गावाच्या दारात आणि का, हे कागदावर न मांडता निर्णय झाला की त्या गावाला तो लादलेला वाटतो आणि मग गाड्या अडवल्या जातात. त्यात गावकऱ्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

चौकोनांच्या पद्धतीची एक मर्यादा ठाणे खाडीने फार चांगली दाखवून दिली आहे. खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. पण रोहित पक्षी (फ्लेमिंगो) अभयारण्याची हद्द पाहून वागत नाहीत. ओहोटीला ते खाडीच्या उघड्या चिखलावर चरतात आणि भरतीचे पाणी चढले की नेरुळकडच्या एनआरआय संकुल, टी. एस. चाणक्य आणि डीपीएस शाळेजवळच्या पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात. नकाशात या पाणथळीचा प्रत्येक चौकोन सुटा तपासला तर तिथे ना जंगल दिसते ना नदी. उलट चांगला रस्ता जवळ, रेल्वे स्थानक जवळ, म्हणजे बांधकामासाठी गुण भरघोस. तिची खरी किंमत खाडीतल्या चिखलाशी असलेल्या नात्यात आहे आणि ती सुट्या चौकोनाच्या गुणांत उतरत नाही. तलाव नकाशात निळाच राहिला, पण भरतीचे पाणी आत येण्याची वाट बुजली, तरी पक्ष्यांसाठी तो संपला. हे जोडलेपण मोजण्याच्या पद्धती आहेत, मात्र त्यासाठी कोणीतरी आधी तो निकष यादीत घालावा लागतो. आणि तो घालायला सुचवू शकतील अशी माणसे, म्हणजे पक्षीनिरीक्षक आणि मच्छीमार, निकष ठरवण्याच्या बैठकीला नसतात. त्यांना हरकतीच्या टप्प्यावर बोलावले जाते.

निकषांची यादी आणि त्यांच्या सीमारेषा याही निवडीच असतात, हे येथे सांगायला हवे. राष्ट्रीय पाणथळ नोंदीत २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या जागांचा स्वतंत्र विचार झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली संरक्षणाचा आदेश देताना तीच मर्यादा घेतली. साडेपाच एकरांहून लहान गावतळी त्या यादीबाहेर राहिली. २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून मीठ उत्पादनासाठी बांधलेल्या रचनाही वगळल्या आहेत. खाडीकाठची मिठागरे आठवून वाचकांनी याचा अर्थ लावावा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या, २०१६ साली अधिसूचित झालेल्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची रुंदी कुठे १०० मीटर तर कुठे ४ किलोमीटर आहे. ही अंतरे निसर्गाने आखून दिलेली नाहीत. ती चर्चेतून, दबावातून आणि तडजोडीतून आली आहेत, आणि तसे होण्यात गैर काही नाही, फक्त ते मान्य करायला हवे.

आणखी एक चलाखी, बहुतेक वेळा नकळत होणारी, मी कामात पाहिली आहे. खाडीपासूनचे अंतर, कांदळवनापासूनचे अंतर आणि जमिनीची उंची असे तीन निकष वेगवेगळे धरले की कागदावर पर्यावरणाला भरपूर स्थान दिल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात आपल्या किनाऱ्यावर ही तिन्ही मोजमापे बहुतांशी एकच गोष्ट सांगतात. एकच गोष्ट तीनदा मोजायची आणि झऱ्यांचे पाणी, मासळीची अंडी घालण्याची ठिकाणे, पाड्यांच्या वहिवाटीच्या वाटा एकदाही मोजायच्या नाहीत, अशी ती यादी असते.

आता प्राधान्ये कोणाची, या मुद्द्याकडे येतो. भारांक ठरवण्यासाठी थॉमस साटी या गणितज्ञाने १९७० च्या दशकात मांडलेली जोडीजोडीने तुलना करण्याची रीत फार उपयोगी आहे. सात निकषांना एकदम टक्के वाटून द्या म्हटले तर कोणीही गोंधळेल. पण ‘या दोहोंपैकी तुम्हाला अधिक महत्त्वाचे काय, आणि किती?’ असे एकावेळी दोनच निकष पुढे ठेवून विचारले आणि उत्तर १ ते ९ या श्रेणीत घेतले, तर शाळा अर्धवट सोडलेला माणूसही नेमके सांगतो. सात निकषांच्या अशा २१ जोड्या होतात. उत्तरांत फार विसंगती आली तर तीही आकड्यात कळते. विसंगतीचे गुणोत्तर ०.१० च्या वर गेले की पुन्हा विचारायचे. हे काम गावठाणातल्या समाजमंदिरात कागदाच्या चिठ्ठ्यांवर होऊ शकते, त्याला संगणक लागत नाही.

विचारायचे कोणाला? सारसोळे, दिवाळे, वाशीगाव येथील कोळी बांधवांना आणि ठाण्यात चेंदणी कोळीवाड्याला तर विचारायलाच हवे. चिखलात उतरून शिंपल्या आणि चिंबोऱ्या धरणाऱ्या बायकांना विशेषतः, कारण त्यांच्या उपजीविकेची जागा कोणाच्याही सातबाऱ्यावर नसते. येऊरच्या आदिवासी पाड्यांना विचारायला हवे. ज्यांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली त्या आगरी प्रकल्पग्रस्तांनाही विचारायला हवे आणि त्यांची उत्तरे पर्यावरणवाद्यांना आवडतील तशीच येतील अशी अपेक्षा ठेवू नये. गरजेपोटी बांधलेली घरे आणि गावठाण विस्तार हे प्रश्न त्यांच्यासाठी पक्ष्यांच्या आधी येतात आणि तसे येणे रास्त आहे. घोडबंदर रस्त्यावर रोज तासन्तास अडकणाऱ्या नोकरदाराला विचारले तर तो रस्त्याला वरचा भारांक देईल. बांधकाम व्यावसायिकांचेही मत घ्यावे; ते नाहीतरी वेगळ्या वाटांनी पोहोचतच असते, निदान नोंदीवर येईल.

मात्र या सर्वांच्या उत्तरांची सरसकट सरासरी काढू नये. सरासरीचा नकाशा कोणाचाच नसतो आणि तो ‘सर्वसंमत’ म्हणून मिरवणे सोपे असते. शिवाय बैठकीला ज्यांची संख्या जास्त, त्यांच्याकडे सरासरी झुकते. त्याऐवजी प्रत्येक गटाच्या भारांकांनी स्वतंत्र नकाशा काढावा. असे चार-पाच नकाशे शेजारी मांडले की बऱ्याच जागा सर्वांत सारख्या रंगाच्या निघतात. तिथे वाद नाही, निर्णय लगेच घ्यावा. ज्या जागांचा रंग नकाशागणिक बदलतो तेवढ्याच खऱ्या वादाच्या जागा, आणि सुनावणीचा वेळ त्यांच्यासाठी राखावा. भारांक थोडे वरखाली करून कोणत्या जागांचा क्रम बदलतो हे तपासण्याची संवेदनशीलता चाचणीही याच कामाची आहे. निकाल दोन-चार टक्क्यांच्या फरकाने पालटत असेल, तर त्या जागेबाबत ‘शास्त्रीय अभ्यासानुसार’ हे शब्द वापरण्याचा अधिकार कोणालाही नाही.

नवी मुंबईतील धारण तलावांचे प्रकरण या रीतीने सोडवता येण्यासारखे होते, असे मला नेहमी वाटत आले आहे. शहराचा सखल भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली येत असल्याने सिडकोने पावसाचे पाणी साठवायला हे तलाव बांधले. भरती चढली की झडपा मिटतात, ओहोटीला उघडतात. काळाच्या ओघात त्यांत गाळ साचला आणि त्या गाळात कांदळवन उगवले. गाळ काढावा तर कांदळवन तुटते, ज्यासाठी उच्च न्यायालयाची परवानगी लागते. न काढावा तर भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की आसपासच्या वसाहतींत पाणी शिरण्याची भीती. येथे दोन्ही बाजू पर्यावरणाच्याच आहेत. तलावाचा कोणता कोपरा पाणी साठवण्यासाठी निर्णायक आहे आणि कोणत्या कोपऱ्यातील झाडी जुनी, दाट व खाडीशी जोडलेली आहे, हे थराथराने मांडले असते, तर सगळे वाचवा किंवा सगळे काढा या दोन टोकांमधला मार्ग कितीतरी आधी दिसला असता.

अशा प्रयोगाला महाराष्ट्रात पूर्वपीठिका नाही असेही नाही. २०१० मध्ये नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने संपूर्ण पश्चिम घाटाचे सुमारे ९ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून, त्यांना अनेक निकषांवर गुण देऊन, संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी सुचवल्या आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात असे म्हटले. पुढे कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये उपग्रहचित्रांवरून नैसर्गिक आणि मानवी वापराचे भूदृश्य वेगळे काढले, गाव हे एकक धरले आणि घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. डोंगर तेच, दोन वर्षांच्या अंतराने दोन नकाशे. दोन्हींमागे विद्वान होते. निकष आणि एकके निराळी होती. पण पहिला अहवाल २०११ मध्ये सरकारला सादर होऊनही लोकांसमोर आला तो २०१२ मध्ये, माहिती अधिकाराच्या लढाईनंतर. तोपर्यंत घाटातल्या गावांमध्ये अफवांनी आपला नकाशा काढून टाकला होता आणि ज्यांच्याशी बोलून सीमा ठरायच्या होत्या तेच लोक समितीच्या विरोधात उभे राहिले.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विद्यमान भूवापराचा नकाशा, प्रारूप आराखडा, हरकती व सूचना आणि नियोजन समितीपुढील सुनावणी असा क्रम ठरलेला आहे. या रचनेत हरकत घेणारा बहुधा आपल्या भूखंडावरील आरक्षणाविषयी बोलतो, कारण नोटीस, गट क्रमांक आणि भूखंड याच भाषेत ती प्रक्रिया चालते. खाडी, वारा, भूजल यांच्या बाजूने बोलणाऱ्याला तिथे उपरे वाटते. ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिकांनी, तसेच सिडकोने, यापुढे कोणत्याही आराखड्याबरोबर किंवा मोठ्या प्रकल्पाच्या स्थाननिश्चितीबरोबर एक परिशिष्ट मराठीत जोडावे. त्यात कोणते निकष घेतले, कोणते विचारात घेऊन सोडले, कोणत्या बाबी अट म्हणून आधीच वगळल्या, प्रत्येक निकषाला किती भारांक दिला, तो कोणत्या गटाशी बोलून ठरला आणि भारांक बदलल्यास कोणत्या जागांचा क्रम बदलतो, इतके असावे. नकाशाचे थर कोणालाही संगणकावर उघडता येतील अशा स्वरूपात संकेतस्थळावर ठेवावेत. धूसर छपाईची पीडीएफ ठेवणे म्हणजे ते ठेवणे नव्हे. गटवार बैठका प्रारूप प्रसिद्ध होण्याआधी, विद्यमान भूवापराचा नकाशा तयार होत असतानाच घ्याव्यात. यासाठी अधिनियमात दुरुस्ती करावी लागेल असे मला वाटत नाही. आराखड्यासोबत अहवाल निघतोच, त्यातली काही पाने वाढतील.

यावर ‘सामान्य माणसाला हे तांत्रिक विषय कळणार नाहीत’ असे उत्तर येईल. भरतीची वेळ, गाळाची जाडी आणि पावसात कोणत्या गल्लीत कुठवर पाणी चढते हे सामान्य माणसालाच कळते. उपग्रहाच्या दहा किंवा तीस मीटरच्या चौकोनात दोन हात रुंदीची उघाडी, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, दिसतही नाही. दुसरे उत्तर वेळेचे येईल. न्यायालयांत रखडलेल्या आराखड्यांची वर्षे आणि काही आठवड्यांच्या बैठका यांची तुलना प्रशासनाने स्वतःच करून पाहावी.

आपल्या दैनिकाने या प्रश्नाचा पाठपुरावा करावा आणि आराखड्यांच्या बातम्या देताना नकाशासोबत भारांकांचा तक्ताही संबंधित यंत्रणांकडे मागावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त नगररचना आरेखक
सानपाडा, नवी मुंबई